'हे तुमचं मत झालं' असं क्लायंट म्हणतो तेव्हा

वेबसाइटची माहिती-रचना आणि वापरसुलभता तपासण्याचं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या, करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : मी वेब डिझायनर आहे. नोकरी सोडून वेबसाइट ऑडिटची कामं घेऊ लागलो आहे. साइट बारकाईने बघतो, दोष टिपतो, स्क्रीनशॉट लावून मोठा रिपोर्ट देतो. मीटिंगमध्ये मात्र हमखास ऐकावं लागतं, 'हे तुमचं मत झालं, आमच्या डिझायनरला तसं वाटत नाही.' विषय तिथेच संपतो. काय करू?

क्लायंटचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण उडवूनही लावू नका. त्यात तथ्य आहे. एकट्याने साइट बघून काढलेल्या दोषांमध्ये मताचा भाग मोठा असतो. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिक यांनी १९९०मध्ये ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशनची पद्धत मांडली. ठरावीक तत्त्वं हाताशी ठेवून इंटरफेस तपासायचा, अशी ती पद्धत. एकट्या परीक्षकाच्या नजरेतून बरेच दोष निसटतात, म्हणून तीन ते पाच जणांनी वेगवेगळं बसून तपासावं आणि मग याद्या एकत्र कराव्यात, हे त्या पद्धतीतच आहे. पुढे मोलिक यांनी १९९८पासून आणखी एक गोष्ट करून पाहिली. एकच उत्पादन किंवा वेबसाइट वेगवेगळ्या तज्ज्ञ गटांकडे तपासायला दिली. गटांच्या याद्या एकमेकींशी फारच कमी जुळल्या. बरेचसे दोष एखाद्याच गटाला दिसले होते. हे सगळे अनुभवी लोक होते. तेव्हा तुमच्या एकट्याच्या यादीवर क्लायंटने शंका घेतली, तर त्यात त्याचं काय चुकलं?

मी ग्रंथालयशास्त्र शिकून या कामात आले. नोंद करताना पुस्तकात काय आहे ते आधी लिहायचं, आपल्याला ते कसं वाटलं याला तिथे जागा नाही, ही शिस्त तिथली. ऑडिटच्या वहीत मी प्रत्येक पानाचे दोन भाग करते. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. डावा भाग कोरा आणि उजवा भरलेला असेल, तर ते पान रिपोर्टमध्ये जात नाही. आधी कोणाला तरी ते काम करताना बघून यायचं.

एक प्रसंग सविस्तर सांगते. एका सार्वजनिक ग्रंथालयाची साइट होती. नेहमी पुस्तकं नेणाऱ्या एका सभासद बाईंना काम दिलं : घरी नेलेल्या पुस्तकाची मुदत वाढवा. मेन्यूत 'सेवा', 'सुविधा', 'उपक्रम', 'सदस्य कक्ष' अशी नावं होती. बाई 'सेवा'मध्ये गेल्या. तिथे 'ग्रंथ देवघेव' उघडलं, तर नियमांचा लांबलचक परिच्छेद. मागे आल्या. 'सुविधा'त अभ्यासिका आणि वाचनकक्ष. पुन्हा मागे. सर्चमध्ये 'मुदत वाढ' टाकलं, एकही निकाल नाही. मग 'सदस्य कक्ष' उघडला. तिथे 'नूतनीकरण' अशी लिंक होती. बाईंनी त्यावर माउस नेला, थांबल्या, 'हे वर्गणीचं असेल' म्हणाल्या आणि माउस बाजूला घेतला. शेवटी म्हणाल्या, 'त्यापेक्षा मी फोन करते.' मुदत वाढवण्याची सोय नेमकी त्याच लिंकमागे होती.

रिपोर्टमध्ये हे घडलं त्याच क्रमाने लिहिलं. काम काय होतं, बाई कुठे कुठे गेल्या, तोंडून काय म्हणाल्या. त्याखाली वेगळ्या परिच्छेदात माझा अंदाज : 'सेवा' आणि 'सुविधा' यांतला फरक बाहेरच्या माणसाला कळण्यासारखा नाही, आणि 'नूतनीकरण' कशाचं ते लिहिलेलं नाही. त्याखाली उपाय : लिंकचं नाव 'पुस्तकाची मुदत वाढवा' करा, ती लिंक 'ग्रंथ देवघेव'मध्येही द्या, सर्चला हे शब्द ओळखायला लावा. ग्रंथपाल स्वतःच म्हणाले की मुदतीसाठी रोज फोन येतात. मग मताचा मुद्दा कोणी काढलाच नाही.

तुमच्या रिपोर्टसाठी आणखी दोन सूचना. दोष पानांच्या क्रमाने लावू नका, कामांच्या क्रमाने लावा. होमपेजवरचे बारा दोष, मग संपर्क पानावरचे सात, अशी यादी वाचून कोणालाही कामाला लागावंसं वाटत नाही. 'फॉर्म भरणारा माणूस इथे अडकतो' असं वाचलं की वाटतं. प्रत्येक दोषाला तीव्रता द्या. नील्सन यांची शून्य ते चार ही श्रेणी पुरेशी आहे. चार म्हणजे काम पार अडतं, एक म्हणजे वेळ मिळाला तर बघा. आणि तीव्रतेशेजारी एक रकाना ठेवाच : 'हे कोण करणार'. मजकूर बदलणारी व्यक्ती आणि डेव्हलपर वेगळे असतात. लेबल बदलायला संपादकाला दहा मिनिटं लागतात, पण तेच वाक्य सर्चच्या दुरुस्तीसोबत एका मुद्द्यात घुसवलं, तर दोन्ही गोष्टी डेव्हलपरच्या रांगेत पडून राहतात. असे रिपोर्ट फार बघितले आहेत मी, आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण सापडलेली गोष्ट खरी असते.

प्रश्न : क्लायंटचा आग्रह आहे की मेन्यूत सातपेक्षा जास्त बाबी नकोत आणि कुठलंही पान तीन क्लिकमध्ये मिळालं पाहिजे. हे नियम कितपत पाळायचे?

दोन्ही नियम बाजूला ठेवा. सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६च्या निबंधातून आला. तो माणसाला एका वेळी किती गोष्टी लक्षात ठेवता येतात, त्याबद्दल आहे. मेन्यू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. स्पष्ट नावांच्या दहा बाबी मोघम नावांच्या पाचांपेक्षा कधीही बऱ्या.

तीन क्लिकचंही तेच. माणूस क्लिक मोजत बसत नाही. प्रत्येक क्लिकनंतर आपण बरोबर वाटेवर आहोत असं वाटत राहिलं, तर तो पाच क्लिकही सहज करतो. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या संशोधकांनी १९९०च्या दशकात यालाच माहितीचा माग म्हटलं : प्राणी वासावरून भक्ष्य शोधतो, तसा वाचक लिंकच्या शब्दांवरून पुढे काय असेल ते हुंगतो. वास तुटला की तो मागे फिरतो, मग ती पहिली क्लिक असो की चौथी.

क्लायंटला हे वाद घालून पटणार नाही. ट्री टेस्ट करा. रंग, चित्रं, डिझाइन सगळं काढून फक्त नावांची उतरंड ठेवायची आणि विचारायचं, 'अमुक हवं असेल तर कुठे जाल?' पहिली क्लिक कुठे पडते, त्याची नोंद ठेवा. नवी रचना ठरवायची असेल, तर त्याआधी कार्ड सॉर्टिंग करा, म्हणजे विषयांची कार्डं लोकांना देऊन त्यांचे गट लावायला सांगा. फक्त कार्डांवरचे शब्द जपून निवडा. चार कार्डांवर 'अर्ज' हा शब्द असेल, तर लोक अर्थ न बघता ती चारही एकत्र ठेवतात आणि तुम्हाला वाटतं की गट सापडला.

या सगळ्याआधी कंटेंट इन्व्हेंटरी. साइटवरचं प्रत्येक पान स्प्रेडशीटच्या एकेका ओळीत : पत्ता, शीर्षक, मजकुराची जबाबदारी कोणाची, शेवटचा बदल कधी, ठेवायचं की काढायचं. बरेच जण हे टाळतात. मला या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे. संस्थेत कोणाचं लक्ष कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्या तक्त्यात जसं दिसतं तसं कुठल्याच मीटिंगमध्ये दिसत नाही.

प्रश्न : पाच लोकांवर चाचणी पुरते, असं सगळीकडे वाचते. खरं आहे का?

कशासाठी, ते आधी ठरवा. नील्सन आणि लँडाउर यांनी १९९३मध्ये मांडलेलं गणित असं : एका माणसाला सरासरी ३१ टक्के दोष सापडत असतील, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. ही सरासरी आहे आणि ती दोष शोधण्यापुरती आहे. शिक्षक आणि विद्यार्थी एकच साइट वेगळ्या कामांसाठी वापरत असतील, तर दोघांचे वेगळे गट घ्या. ट्री टेस्टमध्ये आपण प्रमाण मोजतो, तिथे पाच जणांनी भागत नाही. आणि पाचांपैकी चार अडकले म्हणून '८० टक्के लोक अडकतात' असं कृपया लिहू नका. 'पाचांपैकी चार' एवढंच लिहा. पंधरा जणांचं बजेट असेल, तर पाचांवर चाचणी, दुरुस्ती, पुन्हा पाच, असं करा.

प्रश्न : तासावर पैसे घ्यावेत की एकरकमी? आणि 'आधी एक फुकट नमुना करून दाखवा' म्हणणाऱ्यांना काय सांगावं?

एकरकमी घ्या, पण कामाचा आवाका पानांच्या संख्येवर ठरवू नका. दोन हजार पानं तीन-चार साच्यांची असू शकतात आणि एकट्या अर्जाच्या फॉर्मला आठवडा जाऊ शकतो. करारात लिहा : कोणती कामं तपासणार, कोणत्या उपकरणांवर, चाचणीला माणसं कोण आणणार, रेकॉर्डिंगची परवानगी कोण घेणार आणि ते कधी पुसणार, रिपोर्टनंतर शंका-समाधानाची किती वेळ बैठक. काही रक्कम आगाऊ, उरलेली रिपोर्ट दिल्यावर. बदल झाल्यावर पैसे, ही अट मान्य करू नका, बदल करणं तुमच्या हातात नसतं.

जिचं ऑडिट केलं त्या साइटच्या नव्या डिझाइनचं काम मी घेत नाही. पैसे जातात, हे खरं. पण दोष दाखवणाऱ्यालाच पुढचं काम मिळणार असेल, तर प्रत्येक दोषाकडे संशयाने बघितलं जातं.

फुकट नमुना देऊ नका. जुन्या क्लायंटच्या परवानगीने, नावगाव काढून, रिपोर्टची दोन पानं दाखवा. तेही नसेल तर स्वतः निवडलेल्या साइटवर एकच काम तपासून ठेवा आणि सगळ्यांना तेच दाखवा.

प्रश्न : क्लायंटने ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंग व्यक्तींनाही साइट वापरता येते का, हे तपासणाऱ्या टूलचा रिपोर्ट पाठवला आहे, शंभरपैकी शंभर गुण. मग मी आणखी काय तपासू?

टूलला चित्राचं वर्णन आहे की नाही एवढं कळतं, ते वर्णन त्याच चित्राचं आहे का हे कळत नाही. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतल्या उठावाचं (कॉन्ट्रास्टचं) गुणोत्तर ते चांगलं मोजतं. साध्या मजकुरासाठी निदान ४.५ : १ हवं, ते झालं असेल. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये बटणासारख्या लक्ष्यांसाठी किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेलचा निकष आहे, काही अपवादांसह. तो बघून घ्या.

मग माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबने मुख्य काम पूर्ण करून बघा. आपण आत्ता कुठे आहोत ते प्रत्येक दाबाला दिसतं का? उघडलेल्या पॉपअपमधून बाहेर येता येतं का? फॉर्ममध्ये चूक झाली तर फोकस, म्हणजे कीबोर्डची सध्याची जागा, त्या चुकीपाशी जातो, की पानाच्या तळाशीच राहतो? त्यानंतर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून तेच काम डोळे मिटून करा. शक्य असेल तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका व्यक्तीला योग्य मानधन देऊन शेजारी बसवा आणि तुम्ही फक्त लिहीत राहा. रिपोर्टमध्ये टूलचे शंभर गुण नमूद करा, आणि त्याच पानावर ती व्यक्ती कुठे अडली तेही.