ताई, धावताना जवळ काय ठेवू?

बडोद्यात पहाटे धावणाऱ्या बायकांची संख्या वाढली, तसा हा प्रश्नही माझ्यासारख्या समुपदेशकाकडे वारंवार यायला लागला. कोणी भीतभीत विचारतं, कोणी हसत हसत. अनुजाने मात्र विचारण्याआधी पिशवीच टेबलावर उपडी केली. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

पेपर स्प्रेच्या दोन बाटल्या. किल्ल्यांना अडकवायची टोकदार धातूची कांडी. टॉर्चसारखं दिसणारं, बटण दाबलं की तडतडणारं शॉकचं यंत्र. आणि रुमालात गुंडाळलेला घडीचा चाकू. सगळं ऑनलाइन मागवलेलं, काहींची वेष्टनंही फोडलेली नव्हती.

"यातलं नेमकं काय घेऊन जाऊ?"

"शेवटची कधी धावलीस?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "नऊ आठवडे झाले."

वय चौतीस, बँकेत नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा. हाफ मॅरेथॉनची तयारी चाललेली. डिसेंबरात ती पहाटे साडेपाचला भायली रस्त्याला धावत होती. इथे थंडीत सव्वासातच्या आसपास सूर्य उगवतो, म्हणजे त्या वेळी चांगलाच अंधार. दोन्ही कानांत गाणी. मागून स्कूटर आली, बसलेल्याने तिच्या अंगावरून हात फिरवला आणि वेग वाढवून निघून गेला. नंबर दिसला नाही.

मी इथे एक चूक केली. तिचं बोलणं पुरतं संपायच्या आत विचारलं, "तक्रार दिली का?" प्रश्न गैर नव्हता, असा प्रकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली गुन्हाच आहे. पण तिचा चेहरा मिटला. पुढचा अर्धा तास ती फक्त बाटल्यांच्या किमती सांगत राहिली.

दुसऱ्या भेटीत, निघता निघता, दारात चपला घालताना ती खरं बोलली. "ताई, मी ओरडले नाही. पळाले नाही. मी थांबले आणि घड्याळावरचं धावणं पॉज केलं. तो माणूस पार दिसेनासा झाला आणि मी काय केलं, तर वेळ फुकट जायला नको म्हणून पॉज! त्याच्यापेक्षा मला त्या बटणाचा राग येतो."

मी तिला परत बसवलं. पिशवीतल्या वस्तूंचा हिशोब तेव्हा माझ्या लक्षात आला. तिला स्कूटरवाल्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती स्वतःची होती: पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा तशीच उभी राहीन. म्हणून एकामागून एक वस्तू. गोठून जाणं हा भित्रेपणा नसतो. अचानक धोका आला की शरीर लढतं, पळतं किंवा थिजतं, आणि यातलं काय करायचं हे ते आपल्याला विचारून ठरवत नाही. बोटाला सवयीचं होतं ते बटण, बोट तिथे गेलं. हे तिला एकदा सांगून पटलं नाही, चारपाचदा सांगावं लागलं.

मग आम्ही पिशवीकडे वळलो. मी एकच कसोटी लावली: घाम आलेला हात, अंधार, मागून आलेला माणूस आणि हाताशी तीन सेकंद. यात ही वस्तू काय करेल?

चाकू पहिल्या फेरीतच बाद. झटापटीत तो समोरच्याच्या हातात जायला वेळ लागत नाही, आणि चाकू चालवायला जे मन लागतं ते आपल्याकडे आहे का, हे स्वतःला विचारून पाहावं. तिने विचारलं आणि स्वतःच तो परत रुमालात गुंडाळला. शॉकचं यंत्र वापरायचं तर ते समोरच्याच्या अंगाला टेकवावं लागतं, म्हणजे ज्याला लांब ठेवायचं त्यालाच हाताच्या अंतरावर येऊ द्यायचं. टोकदार कांडी शिकलेल्याच्या हातात शोभते. बोटांच्या फटीत किल्ल्या धरायचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. तशी मूठ मारली तर आधी आपलीच बोटं सोलून निघतात. मिरचीपूडही तशीच, अर्धी पुडी आपल्याच डोळ्यांत.

राहिला पेपर स्प्रे. तो जवळ बाळगायला आपल्याकडे परवाना लागत नाही, फक्त विमानात नेता येत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं, ही त्याची मर्यादा. कोणी नुसतं खवचट बोललं म्हणून फवारला, तर तो बचाव ठरत नाही.

"आता वापरून दाखव," मी म्हटलं. खरा स्प्रे नव्हे. इस्त्रीचे कपडे भिजवायची पाण्याची बाटली घेतली आणि आम्ही दोघी आमच्या इमारतीच्या अगाशीवर गेलो. समुपदेशकाने असले उद्योग करावेत का, यावर माझे सहकारी वाद घालतील. घालोत.

ती वळली, हात लांब केला आणि फवारलं. सगळं पाणी तिच्याच चष्म्यावर.

"उत्तरायणात पतंग उडवतेस ना?"

"दरवर्षी. घरात मांजा माझ्याच हातात असतो."

"मग वारा कुठून आहे हे न बघता पतंग सोडतेस का?"

ती खूप दिवसांनी मोकळी हसली. मग आम्ही वीसेक मिनिटं तेच करत राहिलो. वारा मागून, वारा समोरून, वळायचं, एक पाऊल बाजूला घ्यायचं, फवारायचं, पळायचं. पळायचं हे तिला दर वेळी सांगावं लागत होतं, कारण फवारून ती निकाल बघत उभी राहायची! तिच्या दोन बाटल्यांपैकी एक धुक्यासारखी पसरणारी होती, ती वाऱ्यात नकोच. दुसरी धारेची, अशा लहान बाटल्यांची धार साधारण दोन-तीन मीटर जाते. जेलचा प्रकारही मिळतो, तो वाऱ्यावर कमी उडतो. पण दोन्ही बाटल्यांचं झाकण अंगठ्याने सरकवावं लागायचं आणि ओल्या अंगठ्याने ते सरकेना. आणि बाटली ठेवणार कुठे, तर कमरेच्या पट्ट्याच्या चेनबंद कप्प्यात. म्हणजे आधी चेन, मग झाकण, मग वारा. तीन सेकंदांत स्कूटर पार जकातनाका ओलांडून गेली असती.

स्प्रेबद्दल माझं मत साधं आहे: धावताना तो हातात धरता येत असेल, तळव्याला पट्ट्याने बांधलेला असेल, तरच न्यावा. कमरेच्या पट्ट्यात ठेवलेला स्प्रे मनाच्या समाधानाला ठीक.

पण त्या पहाटे तिला स्प्रे हवा होता का? तिला आवाज हवा होता. मी म्हटलं, ओरडून दाखव. तिने "अहो!" म्हटलं. स्कूटरवाल्याला अहो! मग "ए!" झालं, तेही शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंना ऐकू जाणार नाही इतकं. आपल्या मुलींना हळू बोलायला आपणच शिकवतो, त्याचे पैसे असे वसूल होतात. तिला गृहपाठ दिला: गाडीत, काचा वर करून, रोज दहा वेळा पोटातून "मागे हो!" आठवड्याने आली तेव्हा घसा बसला होता.

शेवटी तिने ठरवलं ते असं. मनगटाला छोटा अलार्म, पिन ओढली की कर्कश किंचाळणारा. घाबरलेल्या हातालाही ओढणं जमतं, वाऱ्याचा प्रश्न नाही, चुकून वाजला तर कोणाला इजा नाही. तळव्याच्या पट्ट्यात धारेचा स्प्रे, पण पिशवीतला नव्हे, वेगळा. एका कानात गाणी, दुसरा कान रस्त्याला. घरच्यांना व्हॉट्सॲपवर एक तासाचं लाइव्ह लोकेशन. फोनच्या सेटिंगमध्ये आणीबाणीची सोय चालू केली, बऱ्याच फोनवर बाजूचं बटण पाच वेळा दाबलं की ११२ ला फोन जातो. आणि गुजरातभर २०१५ पासून चालू असलेली १८१ अभयम् ही महिलांची हेल्पलाइन. तिथे तिने उशिरा का होईना, सगळं सांगितलं. त्यातून काय निघालं ते इथे नको. सांगताना आवाज कापला नाही, मला तेवढं पुरलं.

घरची आघाडी वेगळी. सासूबाईंचं म्हणणं, "धावायचंच कशाला म्हणते मी, कमाटीबागेत चाला ने!" मी त्यांना एकदा बोलावलं. त्या तावातावाने आल्या आणि अलार्म हातात घेऊन बघताना त्यांनीच पिन ओढली. खालच्या मजल्यावरचे फाफड्यावाले वर धावत आले. त्यानंतर सासूबाई अलार्मच्या बाजूने झाल्या. धावण्याच्या झाल्या असं नाही म्हणवत.

अनुजाने सुरुवात उजाडल्यावर केली, मैत्रिणीबरोबर, अकोट्याच्या पुलावरून. भायली रस्त्याला जायला आणखी दीड महिना गेला. त्या जागेवरून गेलीस तेव्हा काय वाटलं, असं मी विचारलं, आणि मला वाटलं आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार.

"वारा समोरून होता," ती म्हणाली. "म्हणून अलार्मची पिन बोटात धरून ठेवली."

स्प्रेवर मुदत छापलेली असते आणि ती संपली की धार ढिली पडते, हे मी सासूबाईंसमोर बोलले होते. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाच्या आणि सिलिंडर लावल्याच्या तारखेच्या शेजारी, आता त्यांच्याच अक्षरात लिहिलंय: 'अनुचा फवारा बदलणे.'