डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला धार्मिक बोधकथांमधून स्पीच थेरपी देता येते का?

येते, पण ऐकण्या-बोलण्यासाठी. वाचायला शिकवतानाही तीच गोष्ट घेतलीत तर फसाल. मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि स्वतः फसले आहे.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट घ्या. बौद्ध, जैन, हिंदू, सूफी, सगळ्यांनी ती सांगितली आहे, त्यामुळे कुणाच्या धर्माची अडचण सहसा येत नाही (पालकांना आधी विचारते, ते वेगळं). पाय चाचपणारा म्हणतो खांब, कान धरणारा म्हणतो सूप, शेपटीवाला म्हणतो दोर. वाक्याचा साचा एकच, शब्द तेवढा बदलतो. म्हणून क्रमाने परत सांगणं मुलांना जमतं. मग आवाजांचा खेळ. डिस्लेक्सियात नजरेचा दोष नसतो. बहुतेकांची अडचण असते ती शब्दातले आवाज सुटे करण्याची. 'दोर'मधला 'द' काढून 'म' लावला तर? माझ्याकडचा आठ वर्षांचा मुलगा नुसतेच ओठ हलवत बसला आणि एकदम ओरडला, "मोर! हत्ती मोरासारखा!" मग चोर, पोर, ढोर... हत्तीचं काय काय झालं विचारू नका.

तीच गोष्ट मी त्याला कागदावर दिली. घडाघडा वाचली! मला शंका आली. पुढच्या वेळी 'सूप'च्या जागी 'ताट' लिहिलं. त्याने 'ताट'वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सूप." सगळं पाठ होतं. तेव्हापासून वाचायची वाक्यं मी स्वतःच लिहिते, नवी आणि छोटी, शिकवून झालेली अक्षरं नि काना-मात्रा तेवढ्याच घेऊन. छापील बोधकथेत पहिल्या ओळीतच 'दृष्टिहीन' आणि 'प्रत्येक' भेटतात. विशेष शिक्षकांकडचं वाचनाचं काम चालू असेल तर गोष्टींपायी ते थांबवू नका.

तात्पर्यही विचारू नका. "मग ते भांडले का?" एवढं पुरतं, मूल बोलायला लागतं.

आणि गोष्टीत आळशी कोण ठरतो ते आधी बघा. मालकाचे पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या नोकराची बायबलमधली गोष्ट मी एकदा सांगितली. मालक त्याला आळशी म्हणतो. समोरच्या मुलीने मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. अक्षरं लागत नाहीत म्हणून तो शब्द ती पहिलीपासून ऐकत होती.