ऑक्टोबरमध्ये पहिलीच शिकागो मॅरेथॉन आहे आणि जुलैत वेग घसरत चाललाय. तयारी चुकतेय का?

नाही, चुकत नाहीये. तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये मैलाला साडेदहा मिनिटं लागायची, आता तेवढ्याच श्रमात बारा लागतात, लाँग रनमध्ये हार्ट रेट 165 च्या वर जातो आणि सोबतचे म्हणतात, ‘अंतर कमी कर, वेग वाढव.’ हे वाचून मला तुमच्या तयारीची काळजी वाटली नाही, त्या सल्ल्याची वाटली. मी शिकागोच्या पश्चिम उपनगरात राहते आणि बरेच उन्हाळे याच शर्यतीच्या तयारीत काढलेत. आमच्या गटात नव्याने आलेला जवळपास प्रत्येक जण जुलैत हाच प्रश्न विचारतो.

उकाड्यात पळताना हृदयावर दोन कामं एकदम येतात. पायांच्या स्नायूंना रक्त पुरवायचं आणि अंग थंड ठेवायला कातडीकडेही पाठवायचं. घामावाटे पाणी जातं तसं रक्ताचं प्रमाण थोडं घटतं, मग ठोके वाढतात. म्हणून दुसऱ्या तासात वेग तोच ठेवला तरी हार्ट रेट चढत राहतो. तुमचा दम कमी झालेला नाही, त्यातला मोठा वाटा शरीर थंड ठेवण्यात खर्च होतोय. इथे तापमानापेक्षा दमटपणा जास्त छळतो. हवामानाच्या अ‍ॅपवर तापमानाच्या जोडीला ड्यू पॉइंट, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं माप, बघायची सवय लावा. तो 60 फॅरनहाइटच्या खाली असेल तर पळणं सुसह्य असतं, 65 च्या वर जड वाटू लागतं आणि 70 च्या पुढे घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. अशा सकाळी मैलाला दीड मिनिट जास्त लागलं तर त्यात नवल काही नाही.

उकाडा जगातल्या सर्वोत्तम धावपटूंनाही सोडत नाही, आणि त्याचा पुरावा याच शर्यतीत आहे. 2006 मध्ये रॉबर्ट चेरुइयोतने शिकागो 2 तास 7 मिनिटं 35 सेकंदांत जिंकली. पुढच्या वर्षी, 7 ऑक्टोबर 2007 ला, पारा 88 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे 31 सेल्सिअसपर्यंत गेला आणि विजेत्या पॅट्रिक इव्हुतीला 2 तास 11 मिनिटं 11 सेकंद लागली. त्या दिवशी मागच्या हजारो लोकांची शर्यत आयोजकांना मध्येच थांबवावी लागली. उलट 2023 च्या थंड सकाळी केल्विन किप्टमने याच शहरात 2 तास 35 सेकंदांचा विश्वविक्रम केला. सपाट शहर तेच, हवा वेगळी. मग तुम्ही-आम्ही जुलैत एप्रिलचा वेग का मागायचा?

या त्रासाचं फळही मिळतं. रोज थोडं उकाड्यात पळत राहिलं की दहा-चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी, शर्यत सुटते त्या ग्रँट पार्कमध्ये साधारण 45-50 फॅरनहाइट असतं. उन्हाळाभर मेहनत केलेलं हृदय तिथे मोकळं होतं आणि आज बारा मिनिटं घेणारा मैल कुठलीही जादू न करता खाली येतो. दर वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर, पहिली थंड झुळूक आली की, गटातले लोक घड्याळाकडे दोनदा बघतात. तो आठवडा मला फार आवडतो.

तर आता करायचं काय? लाँग रन वेगावर पळूच नका, बोलण्यावर पळा. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. एका श्वासात तीन शब्दच निघत असतील तर वेग कमी करा, लागलं तर चाला. एकटे असाल तर मोठ्याने एखादं स्तोत्र म्हणा. मी रामरक्षा म्हणते. ओळ मध्येच तुटली की मला कळतं, जास्त होतंय. मनगटावर हार्ट रेट मोजणारी घड्याळं घामात अनेकदा चुकतात, हेही लक्षात ठेवा.

वेळ पहाटेची घ्या. मी शनिवारी साडेचारला उठते. रविवारी मुलांची मराठी शाळा, त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीनेही शनिवार सोयीचा. तुम्ही शामबर्गजवळ आहात, म्हणजे बुसी वुड्सचं जंगल तुमच्यासाठी उत्तम. सात-आठ मैलांचा डांबरी फेरा, बऱ्याच भागात झाडांची सावली, आणि गाडी जवळ असल्यामुळे दर फेरीला बाटली बदलता येते. इलिनॉय प्रेअरी पाथवर चुनखडीची बारीक खडी आहे, गुडघ्यांना बरी वाटते. तलावाकाठच्या लेकफ्रंट ट्रेलवर सावली जवळजवळ नाही, पण पाण्याचे नळ आहेत, पाण्यावरून येणारा वारा आहे आणि शनिवारी पहाटे शेकडो लोक याच शर्यतीची तयारी करत असतात. पहिल्या मॅरेथॉनच्या माणसाने निदान दोन-तीन वेळा तिथे जावंच. ‘कारा’ म्हणजे शिकागो एरिया रनर्स असोसिएशनचे गट तिथे वेगानुसार विभागलेले असतात. बारा-तेरा मिनिटांच्या गटात बिनधास्त सामील व्हा, तिथे तुम्हाला कुणी कमी लेखणार नाही.

ट्रेडमिलचं विचारलंत. आठवड्यातला एखादा रन, विशेषतः हवेचा इशारा असेल त्या दिवशी, खुशाल तिथे करा. लाँग रन मात्र बाहेरच, नाहीतर उकाड्याची सवय कशी होणार? पळताना अंगावर काटा आला, थंडी वाजली, चक्कर आली किंवा विचार गोंधळू लागले, तर जागच्या जागी थांबा, सावलीत बसा, डोक्यावर-मानेवर गार पाणी ओता, कुणाला तरी हाक मारा. तेव्हा उरलेले मैल मोजू नका. कुणी असंबद्ध बोलू लागलं तर 911 लावा आणि मदत येईपर्यंत त्याला मिळेल त्या गार पाण्याने भिजवत राहा.

अंतर कमी करून वेग वाढवायचा सल्ला मला चुकीचा का वाटतो, तेही सांगते. पहिल्या मॅरेथॉनमध्ये माणूस मागे पडतो तो बहुतेक वेळा वेग कमी असल्यामुळे नाही, विसाव्या मैलानंतर पायांत काही उरत नाही म्हणून. एक मैल पळायला ढोबळमानाने 100 कॅलरी लागतात आणि स्नायू-यकृतात साखरेच्या रूपात साठा असतो दोनेक हजारांचा. गणित तिथेच दिसतं. सावकाश, लांब पळण्याने शरीर चरबी जास्त वापरायला शिकतं आणि तो साठा पुरवून वापरतं. जोरात पळालात की तोच साठा भराभर संपतो, आणि उन्हाळ्यात दुखापतीही त्यातूनच होतात. तुमचा 18 आठवड्यांचा कार्यक्रम आहे तसा चालू द्या. दर दोन-तीन आठवड्यांनी अंतर कमी करायचा आठवडा येतो, तो गाळू नका. शर्यतीच्या तीन आठवडे आधी एकदा 20 मैल पुरे. 26 मैल घरी पळून बघायचा मोह होईल, तो टाळा. वेगाची हौस बुधवारी भागवा, मधले तीन-चार मैल मॅरेथॉनच्या वेगाने.

पाणी तहानेनुसार प्या. भरपूर प्या असं सगळेच सांगतात, पण हळू पळणाऱ्याला त्यात खरा धोका आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉननंतर 488 धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. पाणी इतकं प्यायलेले होते की शर्यतीत वजन वाढलं, आणि जास्त वेळ पळत राहिलेले, अशांत हे प्रमाण जास्त होतं. दीड तासाच्या पुढच्या रनमध्ये नुसतं पाणी नको, मीठ-साखर असलेलं काहीतरी हवं. शर्यतीत गेटोरेडचं टेबल आधी येतं, पाण्याचं पुढे. तेच पेय आत्तापासून पिऊन बघा, म्हणजे पोटाला सवय होईल.

खाण्याचं तुम्ही ओझरतं विचारलंय, पण आपल्या लोकांचं गाडं बऱ्याचदा इथेच अडतं. लाँग रनमध्ये दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी गोड पोटात जायला हवं, तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. धावपटूंसाठी मिळणाऱ्या घट्ट, गोड जेलच्या एका पाकिटात साधारण 22-25 ग्रॅम असतात. शाकाहारी असाल तर चघळायच्या गोळ्यांचं पाकीट वाचून घ्या, काहींत जिलेटिन असतं. मी अर्धा उन्हाळा बिया काढलेल्या खजुरावर पळते, पण शर्यतीत जेलच घेते, कारण विसाव्या मैलाला चावायची इच्छा राहत नाही. गणपती येतात तेव्हा तुमचे सर्वात लांब रन चालू असतील. आदल्या दिवशीच्या उकडीच्या मोदकांना अजिबात नाही म्हणू नका. तांदूळ आणि गूळ म्हणजे दुसऱ्या दिवशीचं इंधनच.

नवरात्राचं मात्र आधी ठरवावं लागेल. 2024 मध्ये दसरा शनिवारी 12 ऑक्टोबरला आणि शर्यत रविवारी 13 ला होती, म्हणजे सगळं नवरात्र टेपरमध्ये, शर्यतीआधी पळणं कमी करायच्या काळात, नेमकं साखरेचा साठा भरायच्या दिवसांत. तुम्ही नऊ दिवस उपवास करता असं लिहिलंय. यंदाच्या तारखा बघा आणि शर्यतीचा आठवडा त्यात येत असेल तर घरी मोकळेपणाने बोला. एकभुक्त किंवा निर्जळी उपवास करून बेचाळीस किलोमीटर पळू नका, एवढं मी हात जोडून सांगेन. साबुदाणा, रताळी, बटाटे, राजगिरा, केळी असा दिवसातून चार-पाच वेळा खाऊन केलेला उपवास चालतो, त्यात कर्बोदकं भरपूर असतात. खिचडीत तूप आणि दाण्याचं कूट कमी घाला. आमच्याकडे सासूबाईंनी स्वतःहून सुचवलं होतं की उठता-बसता कर, पहिला आणि शेवटचा दिवस. देवीला तेवढं पुरतं, असं त्या म्हणाल्या. उपवास नसेल तर शेवटचे दोन दिवस उसळी, कोशिंबिरी आणि भाकरी बाजूला ठेवून पांढरा भात, पातळ वरण, दहीभात. आतडी जितकी रिकामी, तितकी सकाळ सोपी.

शर्यतीतला वेग कसा ठरवायचा, हा तुमचा शेवटचा प्रश्न. आत्ता ठरवूच नका. सप्टेंबरच्या अखेरीस जॅक्सन पार्कला शिकागो हाफ मॅरेथॉन असते, ती किंवा त्या सुमाराची कुठलीही हाफ मनापासून पळा. त्या वेळेची दुप्पट करून पहिल्या खेपेला वीस मिनिटं मिळवा. हाफला 2 तास 15 मिनिटं लागली तर 4 तास 50 मिनिटं, म्हणजे मैलाला अकरा मिनिटांच्या थोडं वर. सुरुवातीचे तीन मैल त्याहूनही पंधरा-वीस सेकंद हळू जा. तिथे एक अडचण आहे, सुरुवातीलाच कोलंबस ड्राइव्ह वरच्या रस्त्यांच्या खालून जातो आणि मग शर्यतीचा मार्ग उंच इमारतींमध्ये शिरतो, त्यामुळे घड्याळाचा जीपीएस वाटेल ते आकडे दाखवतो. तिथे तो मानू नका. प्रत्येक मैलाच्या खुणेपाशी एकूण गेलेला वेळ बघा आणि मैलवार वेळांची पट्टी मनगटावर बांधून जा. उत्तरेला रिगलीव्हिलपर्यंत गर्दी तुम्हाला ओढून नेईल, तेव्हा ती पट्टी उपयोगी पडते. एकोणिसाव्या मैलाच्या आसपास पिल्सन, एकविसाव्याला चायनाटाऊन. तिथवर गप्पा मारता येण्याइतका दम राहिला असेल, तर मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरून परत येताना लोकांना मागे टाकत याल. अगदी शेवटी रूझवेल्ट रोडचा छोटा चढ लागतो. या सपाट शर्यतीत खरा चढ म्हणावा असा तेवढाच.

आणि हवा 2007 सारखी निघाली तर? त्या वर्षाच्या अनुभवानंतर आता हिरवा, पिवळा, लाल आणि काळा असे इशारे लावतात. पिवळा दिसला की ठरवलेल्या वेळेत पंधरा मिनिटं घाला, लाल दिसला की वेळ विसरून फक्त पूर्ण करा. मर्यादा साडेसहा तासांची आहे. तुमच्या आजच्या बारा मिनिटांच्या वेगानेही तुम्ही सव्वापाच तासांत पोचता.

या शनिवारी तुमच्या तक्त्यात 13 मैल आहेत ना? साडेपाचला बुसी वुड्सला सुरुवात करा, पहिला फेरा मैलाला साडेबारा मिनिटांच्या वेगाने, आणि घरी आल्यावर ड्यू पॉइंट किती होता ते इथे लिहा. पुढच्या आठवड्याचं त्यावरून सांगते.