पियानोवर बेथोव्हनच्या ‘फ्युर एलिझ’ या रचनेची सुरुवात नीट वाजते, पण मधल्या भागात हात अडकतो आणि पेडल दाबलं की सगळं गढूळ होतं. सराव कसा करावा?

तुमचा घोळ बहुतेक मधल्या भागात नसून सुरुवातीच्या वेगात आहे. ई आणि डी शार्प या शेजारच्या स्वरांची ओळ सोपी, म्हणून जो तो ती दामटतो. मग एफ मेजर स्वरमेळातला मधला भाग आला की बत्तिसांश स्वर, म्हणजे सुरुवातीच्या सोळांश स्वरांच्या दुप्पट वेग, आणि तिथे हात मोडतो. बेथोव्हनची सूचना फक्त ‘पोको मोतो’ (थोडं गतीने) आहे, घाई त्यात कुठेच नाही.

वेग मधल्या भागावरूनच ठरवा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, एका ठोक्याला एक आठवांश स्वर (पूर्ण स्वराचा आठवा भाग). ताल 3/8, म्हणजे बारमध्ये (स्वरलिपीतल्या एका खणात) तीन ठोके. सुरुवातीला ठोक्याला दोन स्वर पडतील, बत्तिसांशांत चार. ते चार सारखे पडले तरच 66 वर जा. तोवर सुरुवातही 60 लाच, कंटाळा आला तरी.

सुरुवातीची बोटं (१ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे करंगळी): ५-४-५-४-५-२-४-३-१. नंतर डाव्या हाताचे ए-ई-ए (५-२-१) आणि उजव्याचे सी-ई-ए मिळून सहा सोळांश एकाच हाताने वाजवल्यासारखे सलग यायला हवेत. हात बदलताना बारीकशी फट पडते, ती रेकॉर्ड करून ऐकल्याशिवाय कळत नाही. डाव्या हातात खालच्या ई पासून जी शार्पपर्यंत अंतर सप्तकाहून मोठं आहे. तिथे पंजा ताणू नका, मनगट उजवीकडे न्या आणि करंगळी सोडून द्या.

पेडल खालच्या ए वर दाबा, खालच्या ई वर बदला, ई–डी शार्प सुरू होताच पूर्ण सोडा. अर्ध्या स्वराचे शेजारी पेडलमध्ये एकत्र राहिले की गढूळपणा येणारच.

मूळ सुरावट परत येण्याआधी ई–डी शार्प किती वेळा, हा सगळ्यांचा गोंधळ. जोड्या मोजू नका. प्रत्येक बारच्या पहिल्या स्वराला पेन्सिलीने गोल करा आणि ठोके मोजा.

डाव्या हाताचा ए सतत वाजतो त्या भागात मनगट आखडतं, कारण बोट फार वर उचललं जातं. ते पट्टीला चिकटूनच ठेवा, आवाज हळू. अपराइटवर (उभ्या पियानोवर) मात्र पट्टी बरीच वर येऊ द्यावी लागते, नाहीतर पुढचा स्वर उमटत नाही. त्यानंतरच्या क्रोमॅटिक (अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली येणाऱ्या) उतरणीत काळ्या पट्टीवर ३, पांढरीवर १, आणि दोन पांढऱ्या लागून आल्या तर त्यांतल्या एकीवर २.