तुझ्या लाल फुल्या

प्रिय मुली,

काल तू पाठवलेली व्यंगचित्रांची तिन्ही कच्ची रेखाटनं पाहिली. तिन्हींवर लाल फुली. संपादकांनी मारली का, असं विचारलं तर म्हणालीस, 'नाही सर, त्यांना दाखवलीच नाहीत. चालणार नाहीत म्हणून मीच मारली.' ते काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

आर. के. लक्ष्मणना जे.जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेश नाकारला होता, ती गोष्ट ऐकवणार नाही. तुला पाठ आहे, आणि इथे तिचा उपयोगही नाही. त्यांना दुसऱ्यांनी नाकारलं होतं. तू स्वतःच स्वतःला नाकारते आहेस. अगं, नाकारायचं काम संपादकाचं. त्याचा त्याला पगार मिळतो. तू ते फुकटात कशाला करतेस?

व्यंगचित्रकार अबू अब्राहमचं ते चित्र आठव. डिसेंबर १९७५, आणीबाणी, वर सेन्सॉर. आणि 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद टबात बसल्या बसल्या, अर्धवट उघड्या दारातून सही केलेला कागद बाहेर देताहेत. आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, म्हणताहेत. छापून आलं ते! 'हे कोण छापणार' म्हणून अबूनीच आदल्या रात्री फुली मारली असती तर? त्यांची काही चित्रं सेन्सॉरनं अडवलीही. अडवू देत. ते सेन्सॉरचं काम.

भीती खोटी आहे, असं मी म्हणत नाही. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली, हे मलाही माहीत आहे. पण तुझ्यात आणि छापखान्यात निदान एक संपादक उभा आहे. त्याला उभं राहू दे की!

माझंच सांगतो. एका पुलाचं उद्घाटन झालं आणि पहिल्याच पावसात त्याचा भराव वाहून गेला. मी मंत्रिमहोदय काढले: गळाभर पाण्यात, हात वर, हातात फीत कापायची कात्री. नाक तर असं जमलं होतं की नाव लिहायची गरजच नव्हती. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान लागायला अर्धा तास होता. कुणीही काही बोललेलं नसताना मी पांढरा रंग घेतला, ते नाक बुजवलं आणि तिथे कुठल्याही पुढाऱ्याचं गोल तोंड काढलं. दुसऱ्या दिवशी संपादक म्हणाले, 'तोंड ओळखू का येत नाही रे? मी छापलं असतं.'

नोकरी कायम व्हायची होती तेव्हा. धाकटी तीन महिन्यांची होती. भाड्याची खोली होती. हे सगळं खरं आहे, आणि तीस वर्षं मी ते स्वतःला सांगत आलोय. तू माझ्या जागी असतीस तर तूही तेच केलं असतंस. केलंच आहेस म्हणा, तेही तीनदा.

पुढे मी हट्टानं सगळं दाखवायला लागलो. आठवड्यातली दोन-तीन चित्रं परत यायची. चिडायचो, भांडायचो, घरी येऊन कुणाशी धड बोलायचो नाही. ती परत आलेली चित्रं मी ठेवली आहेत, प्रत्येकावर नकार देणाऱ्याच्या हातची तारीख आहे. ते बुजवलेलं नाक मात्र कुठेच नाही.

तिसरं रेखाटन, छत्रीचं, बरं आहे. हात मोठा झालाय, तो सुधार. खालची ओळ निम्मी कर. आणि उद्या चारच्या आत संपादकांच्या टेबलावर ठेव, फुलीशिवाय.

तुझा,
सर