मावळत्या तंत्रावरचं काम घेऊ का?

पत्राचा सारांश: मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रशिक्षणाचं साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीत मला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. त्यांचे जुने धडे फ्लॅशमध्ये आहेत आणि यंत्रांची काही प्रात्यक्षिकं जावा ॲपलेटमध्ये. ही दोन्ही जुनी तंत्रं ब्राउझरला बाहेरून जोडाव्या लागणाऱ्या प्लगिनवर चालायची. आता हे सगळं एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या ब्राउझरला स्वतःला कळणाऱ्या भाषांवर आणायचं आहे. टीममधले दोन सीनियर यावरून सारखे वाद घालतात. एक सर म्हणतात, प्लगिनच्या काळात दोन दिवसांत होणाऱ्या कामाला आता दोन आठवडे लागतात, मानकं, म्हणजे सगळ्या ब्राउझरांनी पाळायचे सामायिक नियम, हा समित्यांचा घोळ आहे. दुसरे सर म्हणतात, प्लगिन ही मुळातच चूक होती. बाबा म्हणतात, मेलेल्या तंत्रात सहा महिने घालवण्यापेक्षा एआयचा कोर्स कर. मी कोणाचं ऐकू? आणि आज शिकेन तेही उद्या असंच बंद पडलं तर?

प्रिय विद्यार्थिनी,

काम घे. तू मेलेलं तंत्र शिकायला चाललेली नाहीस. एका तंत्रात नांदलेलं काम दुसऱ्यात आणायला चालली आहेस, आणि त्यासाठी दोन्ही घरं आतून पाहावी लागतात. मार्गदर्शनाच्या कामाकडे वळण्याआधी मी स्वतः काही वर्षं फ्लॅशची ॲक्शनस्क्रिप्ट ही भाषा लिहिली आहे, त्यामुळे तुझं पत्र मला जवळचं वाटलं. आता एकेक मुद्दा घेते.

तुझे पहिले सर चिडून बोलत असतील, पण इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. फ्लॅशची सुरुवात 1996 मध्ये फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर या नावाने झाली. पुढे ते मॅक्रोमीडियाकडे गेलं आणि 2005 मध्ये मॅक्रोमीडियालाच ॲडोबीने विकत घेतलं. त्याच वर्षी यूट्यूब सुरू झालं, तेही फ्लॅशच्या आधारावर, कारण एचटीएमएलमध्ये तेव्हा व्हिडिओचा टॅगच नव्हता. ऑपेराने तो सुचवला 2007 मध्ये. चित्रं काढण्याचा कॅनव्हास ॲपलने 2004 मध्ये आणला खरा, पण इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये तो पोचायला 2011 उजाडलं. मधल्या काळात ज्याला हलतं चित्र, आवाज आणि प्रश्नोत्तरं असलेला धडा सगळ्या ब्राउझरवर सारखा दिसायला हवा होता, त्याने दुसरं काय करायचं होतं? एक फाइल बनवली की काम झालं. मानकवाल्यांचा वेग म्हणशील तर ॲपल, मोझिला आणि ऑपेरातल्या लोकांनी 2004 मध्ये वेगळा गट करून ज्या कामाला हात घातला, त्या एचटीएमएल 5 वर डब्ल्यू3सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मोहोर उमटली ऑक्टोबर 2014 मध्ये. दहा वर्षं! तेव्हा प्लगिनला सरसकट चूक म्हणणं मला पटत नाही. लोकांना वेबवर काय हवं आहे हे प्लगिननेच दाखवून दिलं आणि मानकांनी ते मागाहून उचललं.

दुसऱ्या सरांचा मुद्दा मालकीचा आहे, आणि तुझ्या करिअरच्या दृष्टीने तो जास्त वजनदार आहे. 2007 च्या आयफोनवर फ्लॅश नव्हतं. एप्रिल 2010 मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनी खुलं पत्र लिहून ते का येणार नाही हे सांगितलं, तेव्हा केवढी चकमक उडाली होती! सुरक्षेतली भोकं, बॅटरी, बोटाने चालवण्याची अडचण, आणि सगळी सूत्रं एका कंपनीच्या हातात असणं, असे त्यांचे आक्षेप होते. त्यांच्या स्वतःच्या कंपनीचं दुकानही तितकंच बंदिस्त होतं, आणि हे तेव्हा पुष्कळांनी सुनावलं. पण नोव्हेंबर 2011 मध्ये ॲडोबीनेच मोबाइलच्या ब्राउझरसाठी फ्लॅशचा विकास थांबवला. जुलै 2017 मध्ये पूर्ण बंदची घोषणा झाली, 31 डिसेंबर 2020 ला आधार संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःहून धडे चालवणं नाकारलं.

या शेवटच्या तारखेपाशी जरा थांब. फाइल डिस्कवर जशीच्या तशी होती. कोडमध्ये एक अक्षर चुकलेलं नव्हतं. तरीही ती चालेना, कारण चालवायचं की नाही हे ठरवणारा दुसराच कोणीतरी होता. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या प्लगिनचं तेच झालं, 2007 मध्ये आलं आणि ऑक्टोबर 2021 मध्ये त्याचा आधार संपला. तुमच्या ॲपलेटांना ब्राउझरशी जोडणारा एनपीएपीआय हा जुना दुवा क्रोमने सप्टेंबर 2015 मध्ये काढला, फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये फ्लॅशपुरता अपवाद ठेवून. सुरक्षेच्या दृष्टीने तो दुवा काढणं भागच होतं. याउलट सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत 1991 साली लिहिलेलं वेबचं पहिलं पान आजच्या ब्राउझरमध्ये उघडतं आणि वाचता येतं.

म्हणून मी मुलांना कुठल्याही तंत्राबद्दल एक प्रश्न विचारायला सांगते: हे बंद करायचं ठरलं, तर ते ठरवणारे किती जण आहेत? उत्तर ‘एक’ असेल तर ते तंत्र जरूर वापर, त्यावर पोट भरायलाही हरकत नाही, पण आपलं सगळं शिक्षण त्याच्यात गुंतवू नकोस. मानकांच्या जगात हाच प्रश्न नियम म्हणून येतो: एकाच गोष्टीचे स्वतंत्रपणे लिहिलेले किमान दोन अवतार असले पाहिजेत. ब्राउझरमध्येच माहिती साठवण्याची वेब एसक्यूएल नावाची सोय याच दगडाला ठेचकाळली. ती उपयोगी होती, लोक वापरतही होते, पण जिथे जिथे ती होती तिथे आत एसक्यूलाइट हे एकच डेटाबेस सॉफ्टवेअर होतं. दुसरा अवतार कोणी लिहीना, म्हणून नोव्हेंबर 2010 मध्ये डब्ल्यू3सीने त्यावरचं काम थांबवलं. तेव्हा ‘मानक म्हटलं की अमर’ असंही समजू नकोस. सगळे ब्राउझर ज्याच्यावर उभे आहेत ते टिकतं, एखाद-दुसऱ्याने हौसेने आणलेलं गळून पडू शकतं.

‘खुलं’ या शब्दाबद्दलही दोन्ही सरांपेक्षा थोडी सावध राहा. सप्टेंबर 2017 मध्ये डब्ल्यू3सीने कुलूपबंद व्हिडिओ ब्राउझरमध्ये चालवण्याच्या ईएमई या तरतुदीला मान्यता दिली. त्यात कुलूप उघडणारा भाग बंदिस्तच राहतो. त्या निर्णयाच्या निषेधार्थ इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था डब्ल्यू3सीतून बाहेर पडली. म्हणजे प्लगिन गेलं तरी त्याची एक लहानशी खोली मानकाच्या वाड्यात राहिली आहे. या वादात चांगली, अभ्यासू माणसं दोन्ही बाजूंना होती, तो तू नक्की वाच.

आता तुझ्या कामाविषयी, कारण खरं शिक्षण तिथे आहे. पहिल्याच दिवशी विचार की धड्यांच्या मूळ एफएलए फाइली आहेत का, की फक्त तयार एसडब्ल्यूएफ उरल्या आहेत. पुष्कळ ठिकाणी मूळ फाइली हरवलेल्या असतात, आणि मग चित्रं, आवाज, मजकूर तयार फाइलीतून उकलून काढावे लागतात. कामाचा अंदाज यावरच ठरतो. मग प्रत्येक धड्याबद्दल ठरवावं लागेल: नव्याने लिहायचा, की आहे तसा चालवून दाखवायचा? आहे तसा चालवायला रफल आहे. रस्ट या भाषेत लिहिलेला हा फ्लॅशचा अनुकारक, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्रॅम, वेबअसेंब्लीच्या (इतर भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवण्याच्या सोयीच्या) बळावर ब्राउझरमध्ये चालतो, आणि इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर 2020 पासून जुने फ्लॅश खेळ आणि ॲनिमेशन त्याच्याच मदतीने जपले आहेत. ॲपलेटांसाठी तसंच चीअरपीजे आहे. वेबअसेंब्ली डिसेंबर 2019 मध्ये मानक झालं, आणि प्लगिनला मूठमाती देणाऱ्या मानकांमधलंच एक मानक आता प्लगिनमधला ठेवा जपतंय, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

नव्याने लिहायला बसशील तेव्हा पहिल्या सरांचे ‘दोन आठवडे’ कुठे जातात ते कळेल. फ्लॅशमध्ये काळ चौकटींत मोजला जायचा: अमुक चौकट आली की तमुक हलव. ब्राउझरमध्ये पडदा जितक्या वेळा ताजा होतो तितक्या वेळा तुझा कोड बोलावला जातो. सेकंदाला 60 वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर नीट चाललेलं चक्र 120 वाल्या पडद्यावर दुप्पट वेगाने फिरेल, जर तू चौकटी मोजल्या असशील तर. वेळ मोजायला शिकावं लागतं. आवाजाचंही तसंच, माणसाने पानाला हात लावण्याआधी आवाज सुरू करायला आजचे ब्राउझर सहसा नकार देतात, त्यामुळे ‘पान उघडताच निवेदन’ ही जुनी रचनाच मोडते. आणि गुणांची नोंद स्कॉर्म या ई-लर्निंगच्या मानकामधून जात असेल तर तो भाग मुळातच जावास्क्रिप्टशी बोलणारा आहे, तो बहुधा सगळ्यात कमी त्रास देईल.

एका ठिकाणी मात्र हट्ट धर. सगळा धडा कॅनव्हासवर रंगवून मोकळं होण्याचा मोह होईल, कारण फ्लॅशच्या सवयीला ते जवळचं आहे. पण कॅनव्हास म्हणजे ठिपक्यांचा नुसता पट. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला त्यातलं बटण बटण म्हणून कळत नाही. मग मानक वापरूनही तू दुसरी बंद पेटीच बनवलीस. बटण हे खरं एचटीएमएलचं बटण असू दे, नुसत्या कळफलकावरून धडा पूर्ण करून पाहा. कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या फेट या विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांच्या प्रकल्पाचा अभ्यास कर. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो 2002 मध्ये सुरू केला, सुरुवातीची प्रात्यक्षिकं जावा आणि फ्लॅशमध्येच होती, पुढे त्यांनी ती एचटीएमएल 5 वर नव्याने लिहायला घेतली. चित्रांच्या सोबतीने समांतर एचटीएमएलची रचना ठेवून कळफलक आणि स्क्रीन रीडरची सोय त्यांनी कशी केली, ते त्यांच्या खुल्या कोडमध्ये ओळ न ओळ वाचता येतं. तुमच्या कामाच्या इतकं जवळचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

उद्या हेही बंद पडलं तर? मी माझ्या बरोबरीच्या फ्लॅशवाल्यांचं काय झालं ते जवळून पाहिलं आहे. ज्यांना फक्त त्या सॉफ्टवेअरचे मेनू पाठ होते त्यांची फार ओढाताण झाली. ज्यांनी भाषा समजून घेतली होती ते तरले. 2006 मध्ये आलेलं ॲक्शनस्क्रिप्ट 3 हे जावास्क्रिप्टच्याच पुढच्या आवृत्तीच्या मसुद्यावर बेतलेलं होतं. तो मसुदा 2008 मध्ये बारगळला, पण क्लास आणि टाइप वापरून विचार करण्याची जी सवय लागली होती, ती 2012 मध्ये जावास्क्रिप्टला टाइपची जोड देणारी टाइपस्क्रिप्ट ही भाषा आली तेव्हा जशीच्या तशी कामी आली. आज तू जी फ्रेमवर्क शिकशील तिलाही हीच कसोटी लाव: ती हातातून काढून घेतली तर तुला काय येतं?

बाबांची काळजी खरी आहे, तिला उडवून लावू नकोस. एआय शिकायचं तर जरूर शीक, पण कोर्सचा अभ्यासक्रम त्यांच्यासोबत बसून पाहा. त्यात संभाव्यताशास्त्र, रेषीय बीजगणित, मॉडेल तपासण्याच्या पद्धती असतील तर ते शिक्षण टिकेल. एकाच कंपनीच्या सेवेची बटणं कशी दाबायची एवढंच असेल, तर बाबा तुला ज्यातून वाचवू पाहतायत तेच तिथेही आहे. इंटर्नशिप सांभाळून पहिल्या प्रकारचा अभ्यास संध्याकाळी करता येतो.

बायोडेटात ‘फ्लॅश’ हा शब्द वर टाकू नकोस. किती धडे हलवले, त्यातले किती कळफलकावरून पूर्ण होतात, पान उघडायला लागणारा वेळ किती होता आणि किती झाला, हे आकडे लिही. ते आजपासून वहीत टिपायला लाग. काम करताना दोन ब्राउझरांत एखादी गोष्ट वेगळी वागली, तर छोटं उदाहरण बनवून त्या ब्राउझरच्या बगांच्या यादीत नोंदव. एचटीएमएलच्या मानकावरची चर्चाही उघड्यावर चालते आणि तिथे विद्यार्थ्यालाही प्रश्न विचारता येतो. अशी एक नीट लिहिलेली नोंद मुलाखतीत दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते, असा माझा अनुभव आहे.

दोन्ही सरांकडून शीक, बाजू घेऊ नकोस. पहिल्यांना विचार की एवढ्या लवकर ते कसं करायचे, कारण जुन्या फाइली वाचताना त्यांच्याइतकी मदत कोणी करू शकणार नाही. दुसऱ्यांकडून तुझा कोड तपासून घे. आणि पहिला धडा तयार झाला की बाबांना तो त्यांच्या फोनवर उघडून दे, काही न सांगता.

तुझी,
मार्गदर्शक ताई