समोर कुणीच नव्हतं, मॅडम

लातुरात समुपदेशकाचं वर्ष परीक्षांच्या हिशेबानं चालतं. फेब्रुवारीत बारावीवाले, एप्रिलमध्ये नीटवाले, जूनमध्ये निकालवाले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे आईवडील. अलीकडे मात्र बाराही महिने येणारी एक रांग लागली आहे. इंजिनिअरिंग, बीसीए, एमसीए झालेली बावीस ते सत्तावीस वयाची पोरं-पोरी. निलंगा, अहमदपूर, रेणापूर, कुणी पार उदगीरहून. पुण्याच्या नाहीतर बंगळुरूच्या कंपनीचा इंटरव्ह्यू घरी बसून दिलेला असतो, आणि खुर्चीत बसल्यावरचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं: "समोरासमोर असतं तर मी बोललो असतो मॅडम. ऑनलाइनला डोकंच बंद पडतं."

एका महिन्यात हे चौघांकडून ऐकलं, तेव्हा लिहायचं ठरवलं. चौघांतल्या एकाबद्दल सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. माझ्या वहीत त्याची नोंद 'गच्चीवाला' अशी आहे, तेच नाव इथेही चालू द्या.

गच्चीवाला पहिल्यांदा आला तो मोबाइल हातात धरूनच. दर दोन मिनिटांनी मेल उघडून बघायचा. विचारलं, काय बघतोस? म्हणाला, "रिझल्ट. बावीस दिवस झाले. आज दुपारी दोनला तेविसावा लागंल." तासावर मोजलेले दिवस मी आजवर बाळंतिणीच्या आईकडून ऐकले होते, नोकरीच्या उमेदवाराकडून पहिल्यांदाच.

त्याच्या घरी रेंज फक्त गच्चीवर येते. तिथे पत्र्याच्या आडोशाला त्यानं धान्याच्या कोठीवर मोबाइल उभा केला, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तो कोठीच्या कडीला बांधला. भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून मागे बहिणीच्या लग्नात आहेरात आलेली निळी चादर टांगली. वर फॉर्मल शर्ट, खाली बर्म्युडा. ही तयारी सांगताना त्याला लाज वाटत होती. मला मनातून कौतुक वाटत होतं. ज्या पोरानं ट्यूबच्या तुकड्यावर स्टँड उभा केला, त्याला कंपनीनं 'अडचणीवर मार्ग कसा काढता' हा प्रश्न विचारायचं काही कारणच नव्हतं, असं माझं मत.

पहिली फेरी चाचणीची. कॅमेरा चालू ठेवून सोडवायची. कोंबडा आरवला म्हणून मान वळली, तर स्क्रीनवर इशारा आला की तुमची नजर बाहेर गेली आहे. दुसरी फेरी त्याहून विचित्र. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला तीस सेकंद मिळतात, मग दोन मिनिटांत उत्तर रेकॉर्ड करायचं. पलीकडे माणूस नाही. कोपऱ्यात उलटे पळणारे आकडे आणि आपला स्वतःचा चेहरा. तिसऱ्या फेरीत माणसं होती, पण कॅमेरे बंद. काळ्या चौकटीत नावाची दोन अक्षरं. त्यानंतर 'आम्ही कळवू' असं म्हणाले, आणि मग काहीच नाही.

त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची, तर कंपनीचं सॉफ्टवेअर आपला चेहरा 'वाचतं' आणि गावाकडचा माणूस ओळखून काढून टाकतं, याची. ही भीती अगदीच हवेतली नाही. अशी सॉफ्टवेअर होती. पण या धंद्यातल्या हायरव्ह्यू या मोठ्या अमेरिकी कंपनीनंच टीका झाल्यावर उमेदवारांच्या चेहऱ्याचं विश्लेषण थांबवल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. तुम्ही काय बोललात, ते शब्द यंत्र अजूनही तपासू शकतं. म्हणजे चेहऱ्याची काळजी सोडून उत्तराची करावी, एवढा व्यवहार यातून निघतो. हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा मेल उघडला. माहितीनं माणूस बदलत असता तर आम्हा लोकांना कामच उरलं नसतं.

तिसऱ्या बैठकीत तो चिडून आला. म्हणाला, "तुम्ही कायबी म्हणा मॅडम, ते हसले मला. माझं इंग्रजी ऐकून हसले."

"कोण हसलं?"

"समोरचे."

"किती जण होते?"

"तिघं."

"तिघंही हसले?"

"आवाज नाही आला हसायचा. पण कळतं की माणसाला."

"कॅमेरे चालू होते त्यांचे?"

"नाही. म्हणलं ना, काळंच होतं."

"मग तू चेहरा कुणाचा बघत होतास?"

तो बोलायला गेला आणि थांबला. मीही थांबले. इथे घाई करून पुढचा प्रश्न टाकायचा नसतो, हे कळायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. सुरुवातीच्या काळात मी अशा प्रत्येक शांततेत एखादं सुविचारासारखं वाक्य ओतायचे, आणि समोरच्याच्या तोंडाशी आलेला घास परत जायचा. त्या दिवशी खाली औसा रोडवर एक टेम्पो रिव्हर्स येत होता, त्याची ती टूं टूं संपेपर्यंत आम्ही दोघं गप्प.

"माझाच," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "मी पूर्ण टाइम माझंच तोंड बघायलो होतो. मलाच वाटायलं होतं, काय येड्यावानी दिसायलास."

"मग हसलं कोण?"

या वेळी तो खरंच हसला. डोळ्यांत पाणी होतं, पण हसला.

मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते, आणि ते लपवत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेला हा विचार अगदी सरळ आहे: घटना आपल्याला जेवढी छळते, त्याहून जास्त आपण त्या घटनेला दिलेला अर्थ छळतो. ऑनलाइन इंटरव्ह्यू इतकं उत्तम उदाहरण एलिस यांनाही मिळालं नसतं. समोरासमोर बसल्यावर समोरचा मान हलवतो, चहा विचारतो, आपल्या अर्थ लावण्याला तिथे लगाम असतो. काळ्या चौकटीसमोर लगामच नाही. रिकामी पाटी दिसली की आपण तिच्यावर लिहितो, आणि लिहितो ते बहुतेक वेळा आपल्याच विरुद्ध.

त्यात नेटवर्क. रोजच्या बोलण्यात एकाचं संपल्यावर दुसऱ्यानं सुरू करायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. रेंज अडखळली की तीच फट सेकंदा-सव्वा सेकंदाची होते. जर्मनीत २०१४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असा उशीर मुद्दाम घातला, तर लोकांनी दोष लाइनला न देता समोरच्या माणसाला दिला. तो कमी लक्ष देतोय, कमी आपुलकीनं बोलतोय, असं त्यांना वाटलं. हे दोन्हीकडून होतं बरं का. आपल्याला वाटतं ते नाराज आहेत, त्यांना वाटतं याला उत्तर सुचत नाही. म्हणून माझ्याकडच्या पोरांना मी पहिलंच वाक्य पाठ करून घेते: "माझ्याकडे नेटवर्क अधूनमधून अडकतं, आवाज तुटला तर कृपया सांगा, माझा फोन नंबर चॅटमध्ये टाकला आहे." यात कमीपणा काही नाही. उलट पुढच्या प्रत्येक थांब्याचं खापर आधीच लाइनवर फुटतं.

स्वतःची चौकट लपवायची सोय बहुतेक व्हिडिओ कॉलमध्ये असते. ती वापरायची. गच्चीवाल्यानं कॅमेऱ्याच्या भोकाशेजारी आईची लाल टिकली चिकटवली आणि तिच्याकडे बघत बोलायची सवय केली. ही युक्ती माझी नाही, त्याचीच. आता मी ती सगळ्यांना सांगते आणि श्रेय 'एका मुलाला' देते.

पण टिकलीनं लाज जात नाही. त्यासाठी मी त्याला एलिस यांची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. मग न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी आपण होऊन बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. महिनाभरात शंभर जणींशी बोलले. भेटायला यायला तयार झाली एक, आणि तीही आली नाही. हिशेबानं शंभर टक्के नापास. पण भीती गेली, कारण शंभरातल्या एकीनंही त्यांना खाल्लं नव्हतं.

गच्चीवाल्याला मी बागेत पाठवलं नाही, लातूर आहे हे. त्याला गंजगोलाईच्या बाजारात पाठवलं. काम एवढंच की कापडाच्या दुकानात जायचं आणि चारचौघांत, मोठ्यानं, युरिया मागायचा. आठवडाभर टाळलं त्यानं. मग एका शनिवारी गेला. पुढच्या बैठकीत आल्या आल्या उभ्यानंच सांगायला लागला.

"मॅडम, गेलो. म्हणलं, युरियाची गोणी आहे का? तर त्यानं वर बघितलंबी नाही. कापड मोजायला होता. म्हणला, खत पुढं, उजव्या हाताला."

"आणि?"

"आणि काय? काहीच नाही. एका बाईनं बघितलं फक्त. मग मी बाहेर आलो अन् तिथंच उभा राहिलो. मला वाटायलं होतं कायतरी व्हईल."

हे 'काहीच नाही' मला फार आवडतं. वर्षानुवर्षं मनात उभा केलेला बाजार, सगळे आपल्याकडे बघून हसतायत असा, आणि खऱ्या बाजारातला दुकानदार मीटरपट्टीवरून मान वर करत नाही.

आता जे मला स्वतःला उशिरा कळलं, ते सांगते. त्याच्या वडिलांना एकदा बोलावलं होतं. ते म्हणाले, "घरात बसून कसला आलाय इंटरव्ह्यू? आम्हाला वाटतं मोबाइलवर खेळतंय लेकरू." मला आधी राग आला. मग रात्री भाकरी थापताना एकदम वाटलं, बाप बरोबर बोलला. पूर्वी पुण्याला मुलाखत म्हणजे एक प्रस्थान असायचं. शर्टाला इस्त्री, आईनं हातावर ठेवलेलं दही-साखर, रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी कुण्या मित्राच्या खोलीवर आंघोळ. आणि नापास झालं तरी परतीचे सात-आठ तास हातात. खिडकीला डोकं टेकून रडा, शिव्या द्या, झोपा. टेंभुर्णी-बार्शी करत घरी पोचेपर्यंत अपयश निम्मं जिरलेलं असायचं, आणि घरच्यांनाही कळायचं की पोरगं लांबून दमून आलंय, आत्ता काही विचारू नये. आता कॉल तुटतो आणि दहाव्या सेकंदाला खालून हाक येते, "झालं का रे? म्हशीला पाणी दाव." मधला रस्ताच नाहीसा झाला. पोरगं अपयश तसंच कच्चं गिळतं, आणि घराला ते दिसतही नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला रस्ता बनवायला सांगते. इंटरव्ह्यूच्या दिवशी घरच्यांना आदल्या रात्री वेळ सांगायची. सकाळी दही-साखर मागून घ्यायचं, गच्चीवरच जायचं असलं तरी. पँट पूर्ण घालायची. आणि संपल्यावर कुणाशी एक अक्षर न बोलता चपला घालून निघायचं, एसटी स्टँडपर्यंत, मारुतीच्या देवळापर्यंत, कुठेही, किमान पाऊण तास. परत आल्यावरच घरच्यांनी विचारायचं. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही, माझ्या अनुभवातून आलं आहे आणि आजवर त्यानं कुणाचं नुकसान झालेलं बघितलं नाही.

निकालाच्या वाटेबद्दल थोडं. शेवटी 'तुमच्याकडे आणखी काही प्रश्न आहेत का' असं विचारतात, तेव्हा पोरं 'नो सर' म्हणून मोकळी होतात. तिथे विचारायचं की साधारण कधीपर्यंत कळेल. ती तारीख उलटून आठवडा झाला की एक सभ्य मेल, चार ओळींचा. त्याचंही उत्तर नाही आलं तर वहीत त्या कंपनीच्या नावावर आडवी रेघ. न कळवणं हा त्या कंपनीच्या शिस्तीचा प्रश्न आहे, तुमच्या लायकीचं प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही. शंभर अर्ज आलेल्या जागेवर नव्याण्णव जणांना नकारच मिळायचा असतो.

आणि एक, विषयाला सोडून पण गरजेचं. वाट बघून हैराण झालेल्या पोरांनाच ते दुसरे फोन येतात: सिलेक्शन झालं, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा. खरी कंपनी नोकरी देताना पैसे मागत नाही. गेले असतील तर लाजून बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिनं अठरा हजार भरले आणि चार महिने घरात सांगितलं नाही. पैशापेक्षा ते चार महिने तिला जास्त महाग पडले.

गच्चीवाला मध्यंतरी आणखी दोन ठिकाणी बसला. एका ठिकाणी नकार आला, निदान आला. दुसऱ्या ठिकाणी मधेच लाइट गेली. यानं फोनवरून पुन्हा जोडून घेतलं, म्हणाला, "सॉरी सर, आमच्याकडे लाइट गेली, दोन मिनिटांत मी कुठे होतो तिथून सुरू करतो." आणि केलं. हे सांगताना त्याच्या आवाजात जो ठसका होता, तो पहिल्या दिवशी औषधालाही नव्हता.

परवा आला तेव्हा मोबाइल पँटच्या खिशात होता. निघताना मीच न राहवून विचारलं, "त्या लाइट गेलेल्या इंटरव्ह्यूचं काय झालं? किती दिवस झाले?"

दारात चपलेत पाय घालता घालता तो थांबला. "अकरा... बारा असतील. मोजले नाहीत, मॅडम. साडेपाचची गाडी आहे, निघू का?"